आवाज अजून वाढवा

सिद्राममामांमुळे मी शिकलो. हे वाक्य मी अनेक ठिकाणी बोललो आहे. कॉलेजच्या सत्कारात, लग्नाच्या मांडवात, वर्गात मुलांसमोरही. प्रत्येक वेळी ते खरं वाटलं आणि प्रत्येक वेळी अपुरं वाटलं. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. सातवी झाल्यावर मामांनी मला वळसंगहून सोलापूरला, विणकरांच्या वस्तीच्या पूर्वभागातल्या आपल्या एका खोलीत आणलं. खोलीत ते, मामी आणि मी. त्यांना मूलबाळ नव्हतं. मामा यंत्रमागावर कामाला होते. त्यांनी चादरी विणल्या, टॉवेल विणले आणि मला पदवीपर्यंत नेलं. आता मी बार्शीत कॉलेजात शिकवतो.

परवा कॉलेजातून घरी येताना चौकात नवा फलक दिसला. झेंडूच्या माळांमध्ये भलामोठा टीव्ही, त्याच्या दोन्ही बाजूंना उंच स्पीकर आणि वर लिहिलेलं, ‘दसऱ्याला घरी आणा थिएटर’. ऊन भाजत होतं. पाऊस संपून थंडी यायच्या आधी आमच्याकडे जे कोरडं, डोळ्यांत जाणारं ऊन पडतं, ते. मी रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूने गेलो. मागच्या वर्षी याच दिवसांत मी अशा फलकांच्या मागे वेड्यासारखा फिरत होतो.

मागच्या वर्षी घटस्थापनेच्या आधी मामींचा फोन आला. मामी फोनवर कधी रडत नाहीत. त्या दिवशीही रडल्या नाहीत, नुसत्या थांबून थांबून बोलल्या.

“महादेवा, तुजं मामा म्हनत्यात, दसरा झाला की मी वळसंगला जातो. एकटाच ऱ्हातो म्हनत्यात.”

“तिथं कोण आहे, मामी? घर बंद आहे की.”

“त्येच मी बी म्हनलं. तर म्हनत्यात, हितं मानसांत बसून बी मी मानसांत न्हाय. मग तितंच बरं.”

मामांना ऐकू येत नव्हतं. कधीपासून, ते आम्हाला नीट सांगता आलं नसतं. आधी हाक दोनदा मारावी लागायची, मग तीनदा, मग खांद्याला हात लावावा लागायचा. रस्त्यावर मागून ट्रक आला आणि शेजाऱ्याने दंड धरून ओढलं, त्यानंतर मामी त्यांना एकटं बाहेर पाठवेनात. कोपऱ्यावरच्या चहाच्या गाड्यावर जाणं बंद झालं. लोक हसले की आपल्यालाच हसतात असं त्यांना वाटायचं. जेवणाचं ताट घेऊन ते भिंतीकडे तोंड करून बसू लागले. मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. कानाची नस गेली आहे, थोडंसं काही उरलं असेल तर मशीन लावून बघा, असं ते म्हणाले. मशीन आणलं. ते लावलं की मामा डोकं धरून बसायचे. चौथ्या दिवशी ते शेंगाच्या चटणीच्या रिकाम्या डब्यात जाऊन पडलं.

‘थोडंसं उरलं असेल’ एवढं मात्र मी धरून बसलो. मला वाटलं, उरलंय ना, मग त्या उरलेल्यापर्यंत पोचेल असा आवाज आणू. घरातला टीव्ही जुना, त्याचा आवाज घोगरा. मोठा टीव्ही आणू, त्याला जोडून मोठे स्पीकर आणू. संध्याकाळी मामा समोर बसतील, बातम्या ऐकतील, मामींशी दोन शब्द बोलतील, आणि वळसंगचं नाव काढणार नाहीत. आज हे लिहिताना किती पोकळ वाटतं! पण माणूस घाबरला की हाताला लागेल ते धरतो. माझ्या हाताला दुकानं लागली.

त्या नवरात्रात मी सुट्टी घेऊन सोलापुरात येऊन राहिलो आणि रोज मामांना घेऊन बाहेर पडलो. नवी पेठेतली दुकानं, सात रस्त्याकडची दुकानं. दारात आंब्याच्या डहाळ्यांचं तोरण, आत एसीची थंडी, नव्या थर्माकोलचा वास. पांढरा सदरा, धोतर, टोपी घातलेले मामा काचेच्या दारातून आत जाताना चपला बाहेर काढायला लागायचे. मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडायचो, “मामा, चपला राहू द्या!” तरी ते काढायचेच. मग गार फरशीवर अनवाणी उभे.

विक्रेते चित्राबद्दल बोलायचे. रंग किती खरे, काळा किती काळा, गवताचं पातं न् पातं कसं दिसतं. मी म्हणायचो, “चित्राचं नंतर. आवाज लावा.” ते एखादं गाणं लावायचे. मी मामांकडे बघायचो. मामा माझ्याकडे बघायचे. मी विक्रेत्याला म्हणायचो, “वाढवा.”

एका दुकानात तर मी हट्टालाच पेटलो. आतल्या खोलीत सगळा संच मांडून ठेवला होता. चार कोपऱ्यांत चार स्पीकर, खाली गुडघ्याएवढा काळा डबा. विक्रेता चाळिशीतला, शांत माणूस होता. श्रीनिवास त्याचं नाव, शर्टावर लावलेलं होतं. त्याने आवाज लावला. मी म्हणालो, वाढवा. त्याने वाढवला. अजून वाढवा. काचेच्या कपाटात ठेवलेले रिमोट थरथरू लागले. बाहेरची गिऱ्हाईकं दारात येऊन बघायला लागली. एक बाई आपल्या मुलीचे कान झाकून तिला घेऊन गेली. माझ्या छातीत ढोल वाजत होता. मी श्रीनिवासला ओरडून म्हणालो, “अजून!” तो म्हणाला, “सर, याच्या पुढं नाहीये ओ.”

मामा माझ्या चेहऱ्याकडे बघत होते. शाळेचा निकाल सांगायला घरी आलो की बघायचे तसे. मग त्यांनी हळूच विचारलं,

“लावला का?”

मी मान वळवली. श्रीनिवासने आवाज बंद केला. त्या खोलीत नंतर जी शांतता पडली, ती फक्त माझ्यासाठी आणि श्रीनिवाससाठी होती. मामांना काही फरक पडला नव्हता.

एवढ्यावर तरी मी थांबायला हवं होतं. पण मी मामांचा हात धरून त्या काळ्या डब्यावर ठेवला आणि श्रीनिवासला पुन्हा चालू करायला लावलं. मामांचा चेहरा बदलला. मी आनंदाने त्यांच्या कानाला लागलो, “कळतंय? मामा, कळतंय?”

मामांचा पंजा डब्यावर तसाच राहिला. असा हात ठेवलेला मी खूप वर्षांपूर्वी बघितला होता. शाळा सुटल्यावर मी कारखान्यात मामांचा डबा घेऊन जायचो. आत पाऊल टाकलं की कानांवर भिंत कोसळल्यासारखा आवाज. कापसाचे तंतू हवेत, भुवयांवर, मिशीवर. मामा चार माग सांभाळायचे. त्यातल्या एकाच्या लाकडाला हात लावून उभे राहायचे आणि मग मान हलवून पुढच्या मागाकडे जायचे. कुठला माग बिघडणार ते त्यांना हाताला आधी कळायचं.

दुकानात त्यांनी हात काढून घेतला आणि धोतराला पुसला.

“चालू हाय,” ते म्हणाले. “पर ह्यो नगं. ह्येचा कटाळा आलाय. माज्या कानात दिसभर ह्येच चाललेलं आसतंय की.”

मला वाटायचं, ऐकू न येणं म्हणजे शांतता. नोकरी सोडून आठ वर्षं झाली तरी मामांच्या कानात माग चालूच होते. बाहेरचं सगळं गेलं होतं आणि तेवढाच एक आवाज राहिला होता. मी तीन दिवस गावभर फिरून त्यात भर घालू बघत होतो.

आम्ही बाहेरच्या मोठ्या दालनात आलो. तिथे भिंतभर टीव्ही लावलेले. वीस-पंचवीस तरी असतील. सगळ्यांचा आवाज बंद. एकावर बातम्या, एकावर स्वयंपाक, एकावर सिनेमा. मी निघायच्या बेतात होतो. मागे वळून बघितलं तर मामा त्या भिंतीसमोर उभे होते आणि हसत होते. किती महिन्यांनी!

“काय झालं?” मी त्यांच्या कानात ओरडलो.

त्यांनी मला हाताने बाजूला सारलं. पडद्यावर एक म्हातारी दारात उभी होती, पुढे मिशावाला हीरो. मामा म्हणाले, “ती त्येला इचारतीया, अन्नं तिन्नावा. जेवलास का म्हनून. आन् ह्यो भाद्दर खोटं बोलतोय, जेवलो म्हनतोय.”

श्रीनिवास पुढे झाला. खाली पट्टीवर सिनेमाचं हिंदी नाव होतं. “काका, पिक्चर तेलुगूच हाय मूळ,” तो म्हणाला. “हिंदीत करून दाखवतेत. पण तुम्हाला तेलुगू येतंय?”

मामांनी त्याच्याकडे बघितलं. श्रीनिवास समोर उभा राहून बोलला होता. मामांनी लगेच उत्तर दिलं, “येतंय की. तोंडातनं बोलाया येत न्हाय लई. बगून येतंय.”

कारखान्यात शेजारच्या मागांवर तेलुगू बोलणारे विणकर होते. त्या गदारोळात कोणाचंच कोणाला ऐकू जात नसे. समोरासमोर उभं राहायचं आणि ओठ नीट हलवायचे, जोडीला हातांच्या खुणा. दोन बोटं फाकवली की तार तुटली. मूठ पालथी केली की आडव्या सुताची कांडी संपली. मिशीला पीळ दिला की मालक आला. मामा एक अख्खी भाषा अशी शिकले होते, न ऐकता.

“माझे वडील बी मागावरच होते,” श्रीनिवास म्हणाला. मग त्याने आवाज न काढता नुसते ओठ हलवून मामांना काहीतरी विचारलं आणि मिशीला पीळ दिला. आमच्या मागे दुकानाचे मालक गल्ल्यावरून उठून येत होते. मामा इतक्या जोराने हसले की त्यांची टोपी सरकली.

पुढचा अर्धा तास ते दोघं बोलत होते. मला एक अक्षर कळत नव्हतं. मी दोन पदव्या घेतलेला माणूस, दोघांच्या मध्ये उभा राहून एकदा इकडे, एकदा तिकडे बघत होतो. शेवटी श्रीनिवास माझ्याकडे वळला. “सर, आवाजाचा सेट तुम्ही घेऊ नका. विकायचं माझं कामच हाय, पण नका घेऊ. टीव्ही मोठा घ्या. तोंडं मोठी दिसली पाहिजेत.”

आम्ही मोठा टीव्ही घेतला. अष्टमीला माणसं येऊन भिंतीला लावून गेली. खोलीची एक भिंतच त्याने खाल्ली. मामींनी त्याला हळदकुंकू लावलं, पडद्याला नको म्हणालो म्हणून वरच्या काठाला. बातम्या सुरू झाल्या. मामा जमिनीवर मांडी घालून बसले. भिंतीकडे तोंड करून बसणारा माणूस आता टीव्हीकडे तोंड करून बसला होता आणि मी स्वतःवर खूश होतो. त्या संध्याकाळी मामा बातम्या देणाऱ्या बाईकडे बोट दाखवून म्हणाले,

“ह्या बाईचं बरं हाय. माज्याकडं बगून बोलती.”

मी हसलो. मामी हसल्या. आम्हाला ती गंमत वाटली.

दसऱ्याला मी बार्शीला परत आलो. दुसऱ्या दिवशी मामा पिशवी घेऊन वळसंगच्या गाडीत बसले.

कळल्यावर मी तसाच सोलापूरला गेलो. खोलीत मामी एकट्या होत्या. टीव्ही चालू होता, आवाज बंद. मी विचारलं, “मामी, तुम्हाला तर ऐकू येतं. मग आवाज का बंद?”

“सवय,” त्या म्हणाल्या. “तुज्या अभ्यासापासनं.”

ते मला माहीत होतं. तेच तर मी सत्कारात सांगायचो. माझी दहावी, मग बारावी, मग कॉलेज, एवढी सगळी वर्षं मामांनी घरातल्या टीव्हीचा आवाज बंद ठेवला होता. माझं पुस्तक एका कोपऱ्यात, मामांचा मुका टीव्ही दुसऱ्या कोपऱ्यात. मी कधी म्हणायचो, “मामा, थोडा लावा की, चालेल मला.” ते हात हलवायचे. “तू वाच.” लोक या गोष्टीवर टाळ्या वाजवतात.

मामी पडद्याकडे बघत होत्या. त्या म्हणाल्या, “पैल्या वर्सी तुज्यासाठीच बंद केला त्येनी. खोटं कशाला बोलू. पर तू आकरावीला गेलास तवा डाक्टरनं सांगितलं हुतं, माग सोडा, न्हायतर कान जातील. वाचमनचं काम मिळत हुतं. म्हनले, त्यात भागायचं न्हाय, पोराचं शिक्षान हुंदे. मग म्होरं म्होरं आवाज लावला तरी त्येला कुटं ऐकू येत हुतं? तुज्या अभ्यासाचं नाव सांगून झाकलं समदं. मला शप्पत घातली हुती.”

मी उठून मोरीशी गेलो आणि नळ सोडून उभा राहिलो. हात धुतले, तोंड धुतलं, पुन्हा हात धुतले. माझ्या पुस्तकांची पानं उलटताना तेव्हा खोलीत जी शांतता असायची, ती मला आयुष्यातली सगळ्यांत चांगली शांतता वाटत आली होती. ती कोणाच्या कानांतून काढून मला दिली होती, ते मला माहीत नव्हतं.

मग, नळाचं पाणी वाहत असतानाच, मला त्या बाईचं आठवलं. माज्याकडं बगून बोलती. आणि मला दुकानातला मी दिसलो. गेली कित्येक वर्षं मी मामांशी कसा बोलत आलो, ते दिसलं. त्यांच्या बाजूला जाऊन, कानाला तोंड लावून, ओरडून. जो माणूस ओठांवरून दोन भाषा वाचतो, त्याच्या डोळ्यांना माझे ओठ कधी दिसलेच नव्हते. मी सोडा, मामी पाठमोऱ्या होऊन चुलीशी बोलायच्या, शेजारी मागून हाका मारायचे. कारखान्यातली माणसं एकमेकांसमोर उभी राहायची. मी ते लहानपणी रोज डोळ्यांनी बघितलं होतं. आम्ही सगळे मिळून त्यांना ऐकवायला बघत होतो आणि त्या धडपडीत त्यांच्यापासून तोंड लपवत होतो.

हे सगळं कळूनही मी वर्षभर मामांसमोर बसून काही बोललो नाही. वळसंगला चार वेळा गेलो. मामा ओट्यावर बसलेले असायचे. अंगणातल्या कडुनिंबाखाली मी जाऊन बसायचो, शेजारी. समोर बसायचा धीर होईना. ते ओठ वाचतात, आणि मला जे बोलायचं होतं ते माझ्या ओठांवर त्यांनी वाचावं याचीच मला भीती वाटत होती. मी फळं ठेवायचो, पाया पडायचो आणि संध्याकाळच्या गाडीने परत यायचो. मागच्या खेपेला त्यांनी मला हाक मारली नाही. मी आल्याचं त्यांना कळलंच नसावं, मी मागूनच परत फिरलो. ते अंगणाकडे पाठ करून बसले होते.

मामींनी सांगितलं, आता ते महिना-महिना कोणाशी बोलत नाहीत. बोलायला गेले की शब्द अडकतो. मला भीती वाटते की तेही जाईल.

परवाचा तो फलक बघून घरी आलो आणि चहा न घेता लिहायला बसलो. फोन त्यांच्या उपयोगाचा नाही. मामा चौथीपर्यंत शिकलेत, सावकाश, ओठ हलवत वाचतात. म्हणून अक्षर मोठं काढलं. लिफाफा त्याच दिवशी पोस्टात टाकला. उत्तर अजून नाही. पत्रात लिहिलं ते असं.

*

तीर्थरूप मामांस,

महादेवाचा शिरसाष्टांग नमस्कार.

मामींनी मला सगळं सांगितलं. त्यांच्यावर रागावू नका, शपथ माझ्या प्रश्नामुळे मोडली. तेव्हा मला का सांगितलं नाही, असं मी विचारणार नाही. सांगितलं असतं तर मी शिक्षण सोडलं असतं का, हे मी रोज स्वतःला विचारतो. सोडलं असतं असं छातीवर हात ठेवून म्हणता येत नाही. याची लाज वाटते.

मामा, मी तुमच्या कानात खूप ओरडलो. दुकानात ओरडलो, दवाखान्यात ओरडलो. तुमच्या पुढ्यात बसून एकदाही बोललो नाही. ती टीव्हीवरची बाई बोलली, दुकानातला श्रीनिवास बोलला. मी बोललो नाही. माझं चुकलं.

दसऱ्याच्या आधी सोलापूरला या. टीव्ही तसाच आहे. त्याचा आवाज बंदच ठेवू. मामींना मी सांगितलंय, चुलीशी बसून बोलायचं नाही, तुमच्याकडे वळून बोलायचं. त्या कबूल झाल्यात. मी रोज आरशासमोर उभा राहून आवाज न काढता बोलायचा सराव करतो. बायको हसते. तार तुटली, कांडी संपली आणि मालक आला, एवढ्या तीन खुणा मला येतात. बाकीच्या तुम्ही शिकवा. मी तुमच्याकडे पुन्हा शिकायला यायला तयार आहे.

तुम्ही आला नाहीत तर घटस्थापनेला मीच वळसंगला येतो. या वेळी शेजारी बसणार नाही. मागून हाकही मारणार नाही. घराला वळसा घालून समोरून येईन आणि तुम्ही वर बघेपर्यंत उभा राहीन. मग विचारीन,

अन्नं तिन्नारा, मामा?

माझ्या तोंडाकडे बघा.

तुमचा,
महादेव